वर बघा

परीक्षक यायच्या दिवशी समाधीनं घरातून निघतानाच ठरवून टाकलं होतं, की आज काही झालं तरी कुणाच्या डोळ्यात हरवायचं नाही.

समाधी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पदवी घेऊन, ऑप्टोमेट्रिस्ट होऊन, पुढच्या रेसिडेन्सीसाठी ती या नेत्रचिकित्सालयात आली, तेव्हा तिला चारचौघींसारखं चांगलं नाव होतं. पण पहिल्याच आठवड्यात तिनं एका आजोबांच्या डोळ्याचा पडदा तपासायला घेतला. आजोबांना बसल्या जागी डुलकी लागली, बाहेरच्या रांगेत एक भांडण पेटलं आणि विझलं, चहावाला कप ठेवून गेला आणि परत येऊन गार चहासकट घेऊनही गेला, तरी ही आपली डोक्यावर दिवा आणि हातात भिंग धरून वाकलेलीच. शेवटी मोठ्या मॅडम आत आल्या.

"काय सापडलं गं एवढं?"

"काही नाही मॅडम. सगळं नॉर्मल आहे."

"मग इतका वेळ काय बघतेयस?"

"तेच," ती भारावून म्हणाली. "सगळं नॉर्मल आहे!"

त्या दिवसापासून तिचं नाव समाधी पडलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठे उरलंच नाही.

तिचं तरी काय चुकत होतं म्हणा. ज्यानं कधी बघितलंच नाही त्याला सांगून पटायचं नाही, पण माणसाच्या त्या काळ्या टिचभर बाहुलीच्या मागे एक अख्खा नारिंगी उजेड असतो. त्यात लालचुटूक शिरा फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात, आणि एका बाजूला फिकट वाटोळा ठिपका असतो, जिथून दृष्टीची नस थेट मेंदूकडे निघते. न कापता, न टोचता, जिवंत माणसाचं रक्त वाहताना दिसतं. आणि हे वैभव रांगेतल्या प्रत्येकाकडे असतं. सुट्टे पैसे नाहीत म्हणून वाद घालणाऱ्याकडे असतं, "किती वेळ लावता हो" म्हणून करवादणाऱ्या बाईंकडेही असतं. आपल्याजवळ काय आहे याचा त्यांना पत्ता नसतो. समाधीला दर वेळी वाटायचं, यांना एकदा दाखवावं आणि म्हणावं, अहो, तुम्ही हे असलं काहीतरी घेऊन हिंडताय आणि रांगेवरून भांडताय?

मोठ्या मॅडमना हे सगळं कळत होतं. एके काळी त्यांचंही असंच होत असणार. पण आता त्यांच्यावर रेसिडेन्सीचा कारभार होता आणि बाहेर रांग होती.

"डोळा बघायचा असतो गं," त्या म्हणायच्या. "त्यात राहायला जायचं नसतं. आपण प्राथमिक नेत्रसेवा देतो. म्हणजे आपण दारातली माणसं. कुणाला चष्म्यावर भागेल, कुणाला वरच्या मजल्यावर सर्जनकडे पाठवायचं, हे झटपट ओळखायचं. तू दारातच ठाण मांडून बसलीस तर मागच्यांनी काय करायचं?"

आणि काल संध्याकाळी त्यांनी शेवटचं सांगून टाकलं होतं. "उद्या पास झालीस, तर तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली तुझी. दारावर तुझं नाव लागेल, पेशंट तुझे. पण उद्याही रेंगाळलीस, तर मी तरी काय करू? चष्म्याच्या काउंटरवर उभं करीन. फ्रेमा पूस आणि बघत बस त्यांच्या काचांमधून."

ती कोपऱ्यातली खोली समाधीला अक्षरशः स्वप्नात दिसत होती. खोली कसली, एक खुर्ची, एक यंत्र आणि एक वॉशबेसिन. पण तिथे बसून आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघायला मिळणार होतं. आणखी काय हवं माणसाला?

त्यातून परीक्षक कोण, तर साक्षात पुस्तकवाले सर. रेसिडेन्सीतली पोरं ज्याला नुसतं 'पुस्तक' म्हणत, ते जाडजूड पुस्तक ज्यांनी लिहिलं, ते. समाधीच्या आईनं एकदा डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली ते सरकवलं होतं, तेव्हा लेकीनं दोन दिवस अबोला धरला होता. पुस्तकाच्या मागच्या पानावर सरांचा फोटो होता. काळेभोर दाट केस, भरघोस मिशी आणि समोरच्याचा पडदा भिंगाशिवाय दिसत असावा अशी नजर. त्या फोटोसमोर पुस्तक उघडून बसायलाही समाधीला संकोच वाटे.

तर त्या दिवशी सकाळी सगळं नेत्रचिकित्सालय पुढच्या दाराशी लोटलं होतं. मोठ्या मॅडम गुच्छ घेऊन उभ्या होत्या. रोजचे पेशंट मात्र नेहमीसारखे मागच्या दारानं येतच होते आणि तिकडे मावशींचं राज्य होतं. मागच्या बोळात एक लांब बाकडं होतं. ज्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे, त्यांना मावशी तिथे ओळीनं बसवायच्या. ज्या डोळ्यात थेंब घालायचा त्याच्या भुवईवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायच्या आणि हुकूम सोडायच्या, "डोळे मिटून बसायचं. उघडायचे नाहीत. बोलायचं नाही." मावशींचा आवाज असा होता की न्यायाधीश असो की हमाल, माणूस डोळे मिटायचा.

आता योगायोग म्हणा की आणखी काही, पण त्या सकाळी एका गाडीवाल्यानं एका वयस्कर गृहस्थांना चुकून मागच्याच दारी सोडलं. गृहस्थ पहाटेच्या गाडीनं लांबून आले होते. टक्कल पडलेलं, मिशी उडालेली, नाकावर जाड चष्मा. आत शिरले तर बोळात कुणी विचारायला नाही. बाकड्यावर एक जागा रिकामी दिसली. दोन मिनिटं टेकावं म्हणून ते बसले. चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे चोळले आणि प्रवासाचा शीण होता म्हणून क्षणभर मिटले.

मावशी फेरीवर आल्या. बाकड्यावर बसलेला, डोळे मिटलेला, आणि भुवईवर पट्टी नाही! सकाळच्या घाईत आपलीच विसरली असणार, असं म्हणून त्यांनी झोपलेल्या माणसाला न उठवता दोन्ही भुवयांवर एकेक तुकडा अलगद चिकटवला.

पाठोपाठ थेंबांची बाटली घेऊन समाधी आली. आज तिच्या अंगात वीज संचारली होती. थेंब घालायच्या आधी नाव विचारायचं, औषधांची विचारपूस करायची, टॉर्चचा उजेड बाजूनं टाकून डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी जागा आहे ना ते बघायचं, हे तिनं आजवर एकदाही चुकवलं नव्हतं. उलट त्यातच तिचा अर्धा वेळ जायचा. पण आज घड्याळ डोक्यावर बसलं होतं. पट्टी लावलीय म्हणजे मावशींनी विचारलंय, मावशींनी विचारलंय म्हणजे सगळं झालंय, असा तिनं हिशेब केला आणि गृहस्थांच्या हनुवटीला बोट लावलं.

"काका, वर बघा."

काकांनी वर बघितलं. एक थेंब उजव्यात, एक डाव्यात.

"अहो, मी—"

"हो हो, चुरचुरणारच. बोलू नका, थेंब बाहेर येतो. मिटा डोळे."

काकांनी डोळे मिटले. समाधी पुढच्या माणसाकडे सरकलीसुद्धा. इतक्या झपाट्यानं आपण काम करू शकतो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या फेरीला काकांनी पुन्हा प्रयत्न केला. "हे बघा बाई, काहीतरी घोटाळा झालाय. मी इथे—"

"वर बघा."

पुन्हा मान वर. पुन्हा दोन थेंब. पुन्हा डोळे बंद. ती गेल्यावर काकांनी मावशींना गाठलं. "मला मोठ्या मॅडमना भेटायचंय."

"सगळ्यांनाच मोठ्या मॅडमना भेटायचं असतं," मावशी म्हणाल्या. "नंबरानं जायचं. आणि डोळे कुणी उघडायला सांगितले?"

काका बसले. जन्मभर ज्यांच्या शब्दावर सभागृहं चिडीचूप होत आली होती, ते गृहस्थ भुवयांवर दोन पट्ट्या लावून, एक घोरणारे आजोबा आणि एक पिशवी सांभाळणारी बाई यांच्या मधोमध मुकाट बसून राहिले.

यथावकाश समाधीनं त्यांना आत बोलावलं. खुर्चीवर बसवलं. त्यांच्या खिशातला चष्मा मागून घेतला, यंत्राखाली धरला आणि नंबर बघितला. उणे सहा, दोन्ही डोळ्यांना. उणे नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, त्यांचा पडदा कडेला ताणून पातळ झालेला असू शकतो, तेव्हा कडा नीट बघायच्या, असं तिनं मनाशी म्हटलं. मग तिला दिसलं की काकांचा केसपेपरच नाहीये.

"काका, कागद कुठाय तुमचा? बरं राहू दे, मी नवीन करते. नाव सांगा."

काकांनी नाव सांगितलं.

"अय्या!" समाधी लिहिता लिहिता म्हणाली. "आमच्या पुस्तकाच्या लेखकांचंही हेच नाव आहे."

"हो," काका म्हणाले. "पुस्तकही माझंच आहे."

समाधीचं पेन थांबलं. तिनं मान वर केली. टक्कल पुसून टाकलं, मिशी परत लावली, पट्ट्या वगळल्या, तर खाली ती नजर तीच होती. फक्त बाहुल्या आता टपोऱ्या झाल्या होत्या आणि त्या तिनंच केल्या होत्या.

"सर," ती म्हणाली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती नेमकी कशी सरकते हे तिला त्या घटकेला कळलं. कोपऱ्यातली खोली धडाधड मिटत गेली आणि तिच्या जागी चष्म्याचं काउंटर उभं राहिलं.

"सर, मला माफ करा. मी विचारलंच नाही. तुम्ही तरी सांगायचंत, सर!"

"सांगत होतो," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. "पण तू 'वर बघा' म्हणालीस आणि मान आपोआप वर गेली. चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. फार जबरदस्त शब्द आहेत गं हे. माणसाचं काही चालत नाही त्यांच्यापुढे."

"मी मॅडमना बोलावते."

"थांब. थेंब घातलेच आहेस तर बघून घे. फुकट कशाला घालवायचे? परीक्षा सुरू झाली असं समज. हां, माझे डोळे उत्तम आहेत, त्यामुळे तुला काही विशेष सापडणार नाही. पण पद्धत बघता येईल मला तुझी."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच हनुवटी स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या यंत्राच्या, टेकूवर ठेवली आणि कपाळ पट्टीला लावलं. त्याच क्षणी धाडकन दार उघडून मोठ्या मॅडम आत आल्या. गुच्छातली फुलं एव्हाना माना टाकायला लागली होती.

"तो बाबा अजून उगवला नाही!" त्या दारातूनच कडाडल्या. त्यांना दिसत होती फक्त यंत्रात तोंड घातलेल्या एका पेशंटची पाठ. "गाडीवाला म्हणतो सोडलं, आणि माणसाचा पत्ता नाही. माझी मैत्रीण सांगत होती, तिच्याकडे गेला तर तिघांना नापास केलं आणि वर पोटभर जेवून गेला."

समाधी खोकली.

"खोकतेस काय? तोंडाला मास्क लाव. आणि या काकांना अजून किती वेळ? आटप लवकर. तो आला आणि तू अशी एकाच्याच डोळ्यात बुडालेली दिसलीस तर तुझं काही खरं नाही. स्वतःला कोण समजतो कुणास ठाऊक!"

दार तसंच धाडकन लागलं.

"जेवण बरं होतं तिथलं," यंत्रामागून सर म्हणाले. "बघ तू."

समाधीनं सुरुवात केली. आधी डोळ्यातला दाब मोजला, मग डोळ्याचा पुढचा भाग बघितला. मग सरांना मागे रेलायला सांगितलं, डोक्यावर दिवा चढवला, हातात भिंग घेतलं आणि त्यांच्या डाव्या बाहुलीवर उजेड टाकला.

आणि झालं. तो नारिंगी उजेड उघडला आणि परीक्षक, पुस्तक, खोली, काउंटर, सगळं कुठल्या कुठे गेलं. म्हातारा पडदा होता, पण काय सुंदर होता! शिरा कशा रेखीव निघालेल्या. नसेचा ठिपका निरोगी, गुलबट. ज्या डोळ्यानं जन्मभर लाखो पडदे बघितले, आणि बघून बघून ते जाडजूड पुस्तक लिहिलं, तो डोळा आतून असा होता. आणि ज्याचा होता त्यानं तो कधी बघितला नव्हता, बघूही शकत नव्हता. ही गोष्ट समाधीला एवढी मोठी वाटली की ती आणखीच जवळ वाकली.

"काय बघतेयस एवढं?" बऱ्याच वेळानं सरांनी विचारलं.

"बोलू नका, डोळा हलतो," समाधी म्हणाली. आपण हे कुणाला म्हणतोय याचं भान तिला नव्हतं. "आता डावीकडे वर बघा. अजून वर. अगदी कोपऱ्यात."

सरांनी अगदी कोपऱ्यात बघितलं.

"तसंच राहा."

पडद्याच्या पार कडेला, जिथवर घाईतली नजर सहसा जात नाही, तिथे तिला काहीतरी खटकलं. भिंग तिनं किंचित कलतं केलं, दुसऱ्या हातानं पापणी धरली. तांबडी, छोटीशी, घोड्याच्या नालेच्या आकाराची फाट. पडद्याचा एक बारीक तुकडा उचलला गेला होता. समाधी खाडकन शुद्धीवर आली.

"सर, डोळ्यापुढे चिलटं उडाल्यासारखं दिसतं का?"

"दिसतात थोडी. आठ-दहा दिवस झाले. वय झालं, दुसरं काय."

"आणि कडेला चमकतं? वीज चमकावी तसं?"

"कधीतरी," ते म्हणाले.

"सर, पण तुम्हीच पुस्तकात लिहिलंय, की असं कुणी सांगितलं तर त्याचा पडदा त्याच दिवशी बघावा. टाळाटाळ करू नये. तिरक्या ठळक अक्षरात आहे."

"ते मी दुसऱ्यांसाठी लिहिलं होतं," सर म्हणाले.

मग मात्र समाधी धावत मॅडमना घेऊन आली. मॅडमनी भुवयांवर पट्ट्या लावलेल्या काकांना ओळखलं नाही, नाव ऐकल्यावर ओळखलं, आणि ओळखल्यावर मघाशी आपण काय काय बोललो ते आठवून भिंतीला टेकल्या. पण बाई पक्क्या होत्या. गुच्छ वॉशबेसिनमध्ये टाकला, दिवा डोक्यावर चढवला आणि बघायला वाकल्या. त्याही बराच वेळ उठल्या नाहीत.

"बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "नालेसारखी फाट. अजून पडदा सुटलेला नाही. पण सर, तुम्ही आज परतीच्या गाडीत बसला असतात, तर..."

"किती वर्षांत दाखवले नव्हते डोळे?" समाधीनं विचारलं.

"दाखवायचे कुणाला?" सर म्हणाले. "सगळे माझेच विद्यार्थी. त्यांच्यापुढे हनुवटी टेकायची म्हणजे..." आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण ते पहिल्यांदा थोडे ओशाळले.

वरच्या मजल्यावर पडद्याचे डॉक्टर होते. त्यांनी तासाभरात लेझरनं त्या फाटीभोवती टाके घातल्यासारखं ठिपक्यांचं कुंपण घालून टाकलं. आता पडदा जागच्या जागी राहणार होता. परीक्षक परीक्षा घ्यायला आले होते आणि नेत्रचिकित्सालयाचं बाकडं, थेंब, यंत्र, वरचा मजला, सगळं आतून बघून झालं होतं. फक्त परीक्षेचा निकाल राहिला होता.

मॅडमच्या केबिनमध्ये सर काळा चष्मा लावून बसले होते. मॅडम त्यांच्या परतीच्या तिकिटाचं बघायला बाहेर गेल्या होत्या. समाधी समोर उभी होती.

"निकालाचा कागद घे आणि लिही," सर म्हणाले. "मला आता हे काही दिसायचं नाही. मी सांगतो तसं लिही."

समाधीनं कागद पुढे ओढला.

"उमेदवारानं थेंब घालण्याआधी रुग्णाचं नाव विचारलं नाही. लिहिलंस?"

"हो, सर."

"डोळ्याच्या पुढच्या भागात जागा आहे की नाही, तेही बघितलं नाही. माझ्या जागी अरुंद डोळ्याचा एखादा असता, तर त्याचा दाब चढून आज अनर्थ झाला असता. हे अक्षम्य आहे. लिही, अक्षम्य."

समाधीनं 'अक्षम्य' लिहिलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे अक्षरं तिलाही नीट दिसत नव्हती. पण सर म्हणत होते त्यात चुकीचं काहीच नव्हतं, हेच तर दुःख होतं.

"निकाल, नापास."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. बाहुल्या टपोऱ्या झालेला माणूस संध्याकाळपर्यंत जवळचं वाचू शकत नाही, हे समाधीला झोपेतही सांगता आलं असतं. सर आत्ता सही करणार आणि कागद पाकिटात जाणार. कोपऱ्यातली खोली तिला पुन्हा एकवार दिसली. मग तिनं मुकाट्यानं, ठसठशीत अक्षरात 'नापास' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

सरांनी काळा चष्मा काढला. मग आतला जाड चष्माही काढला. कागद उचलून थेट नाकाशी नेला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शांतपणे वाचून काढला.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

समाधी आ वासून बघत राहिली. उणे सहा! सकाळी तिनं स्वतः मोजलेला नंबर. उणे सहाच्या माणसानं चष्मा काढला की नाकाशी धरलेलं सगळं दिसतं, मग थेंब घाला नाहीतर घालू नका. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं.

"तुम्हाला वाचता येतंय!"

"येणारच. का, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, सर. पण आत्ता आठवलं."

सरांनी चष्मा परत लावला आणि तिच्याकडे बघत बसले. "म्हणजे मला दिसत नाही असं धरून तू स्वतःच्या हातानं नापास लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत ना, सर," समाधी म्हणाली. आणखी काय म्हणणार?

सर हसले. त्यांना हसता येतं हे पुस्तकात कुठेच नव्हतं. "मी सांगत होतो ते परीक्षक म्हणून. परीक्षकाचं सांगून झालं. आता पेशंटचं राहिलंय." त्यांनी पुन्हा चष्मा काढला, पेन घेतलं आणि कागदाला जवळजवळ नाक लावून खाली आपल्या हातानं एक ओळ लिहिली, सही केली. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"'उमेदवार पडदा बघताना वेळ विसरते. हा दोष सुधारू नये.'" मॅडमनी दोनदा वाचलं. "सर, मग नापास कशाला? पासच करा ना."

"थेंबाआधी नाव विचारायला लागली की करीन. महिन्यानं पुन्हा घेऊ परीक्षा. नाही तरी लेझर नीट बसलंय का ते दाखवायला मला यायचंच आहे."

"वरच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते."

"त्यांना दाखवीनच," सर म्हणाले. "पण आधी हिला. आणि त्या दिवशी हिला कुणी घाई करायची नाही."

संध्याकाळी समाधी घरी पोचली, तेव्हा आई दारातच उभी होती. लेकीचा चेहरा असा फुललेला बघून ती आत वळून पेढ्याच्या तयारीलाच लागणार होती.

"झालीस ना पास?"

"नापास!" समाधी म्हणाली. "महिन्यानं परत परीक्षा."

"अगं मग हसतेस काय अशी? कोण घेणार परत?"

"तेच सर. त्यांना डोळा दाखवायला यायचंय."

"कुणाला दाखवायला?"

"मला."

आईनं पदराला हात पुसले आणि जरा वेळ सगळं नीट जुळवून बघितलं. "म्हणजे ते तुझी परीक्षा घेणार आणि तू त्यांची?"

"हो."

"मग तुमच्या दोघांतलं घाबरायचं कुणी?"

समाधीनं चपला काढल्या, आईला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि टॉर्च काढला.

"आई, आधी पूर्ण नाव सांग तुझं," ती म्हणाली.